‘फायनल फँटसी तेरा’ पुढे सुधारतो का? दहा तासांत कसं ठरवायचं

इंदुरात पोह्यांच्या गाडीवर ‘फायनल फँटसी तेरा’ या जपानी व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, “भिया, वीस तास काढ, अकराव्या अध्यायात गेम खुलतो.” हा सल्ला अर्धाच खरा आहे. अकराव्या अध्यायात नकाशा खुलतो, पण लढाई तीच राहते आणि कथेची सांगण्याची पद्धतही तीच. म्हणून वीस तास कुढत खेळायची गरज नाही. पाचवा अध्याय संपेपर्यंत, म्हणजे साधारण दहा तासांत, हा गेम आपला आहे की नाही ते कळतं. मात्र त्या दहा तासांत तो नीट खेळायला हवा, आणि नेमकं तेच गेम धड शिकवत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेम जपानमध्ये १७ डिसेंबर २००९ ला आणि बाकी जगात ९ मार्च २०१० ला आला. पीसीवर यायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. अध्याय तेरा, पात्रं सहा. पहिले दहा अध्याय जवळजवळ सरळ बोळातून चालायचं: गावं नाहीत, गप्पा मारायला माणसं नाहीत, दुकानसुद्धा सेव्ह पॉइंटच्या पडद्यातच. मालिकेच्या जुन्या चाहत्यांचा राग इथूनच सुरू झाला, आणि तो चुकीचा नव्हता.

स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेणार असाल तर एक सापळा ओळखून ठेवा. पैसे परत मिळायची मुदत खरेदीपासून १४ दिवस, आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत. पण २ तासांत तुम्ही फार तर दुसऱ्या अध्यायात असता, आणि लढाईचा खरा भाग तिसऱ्यात सुरू होतो. पहिल्या दोन अध्यायांत एकच बटण दाबत राहायचं असतं, अनुभवाचे गुणसुद्धा मिळत नाहीत. त्यावरून गेम चांगला ठरवू नका, वाईटही ठरवू नका. ते २ तास फक्त आपल्या मशीनवर गेम अडखळतो का, बंद पडतो का, एवढंच बघायला वापरा. पीसी आवृत्ती सुमारे ६० जीबीची आहे, तेव्हा डाउनलोड रात्री लावून झोपा. सिल्व्हर मॉलमधून किंवा ओळखीतून जुन्या एक्सबॉक्स ३६० ची प्रत घेत असाल तर खोक्यात ३ डिस्का आहेत ना ते उघडून मोजा. पीएस३ ची एकच असते.

दुसरं म्हणजे वीज. या गेममध्ये आपोआप सेव्ह होत नाही. लढाई हरलात तर ‘रीट्राय’ने त्या लढाईच्या दारात परत उभे राहता, पण लाइट गेली तर थेट शेवटच्या सेव्ह पॉइंटवर. मे-जूनमध्ये संध्याकाळी वावटळ उठली की काय होतं ते राजेंद्रनगर-सुदामानगरवाल्यांना सांगायला नको. साधा ६०० व्हीएचा यूपीएस असला तरी पुढच्या सेव्ह पॉइंटपर्यंत पळण्याइतका वेळ बहुतेकदा मिळतो. आणि दिसेल त्या प्रत्येक सेव्ह पॉइंटवर सेव्ह करा, आळस नको.

आता लढाई. तिसऱ्या अध्यायात ‘पॅराडाइम’ मिळतात. प्रत्येक पात्राला एक भूमिका असते: कमांडो (थेट मारणारा), रॅव्हेजर (शत्रूचा तोल घालवणारा), मेडिक (जखमा भरणारा), सेंटिनल (मार झेलणारा), सॅबोटर (शत्रूला दुबळं करणारा), सिनर्जिस्ट (सोबत्यांना बळ देणारा). कुणी कोणती भूमिका घ्यायची याच्या सहा जोडण्या आधी बांधून ठेवायच्या आणि लढता लढता बदलायच्या. वार कोणता करायचा ते ‘ऑटो-बॅटल’ बघून घेतो. तुमचं काम जोडणी कधी बदलायची ते ओळखणं. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण ते एकाच जोडणीत बसून बटण बडवत राहतात आणि मग म्हणतात, गेम आपला आपणच खेळतो.

शत्रूच्या नावाखालची पट्टी बघा. शेजारचा आकडा, म्हणजे ‘साखळी’, १०० टक्क्यांवर सुरू होतो. रॅव्हेजरच्या प्रत्येक वाराने तो भराभर चढतो, पण पट्टी तितक्याच वेगाने रिकामी होत जाते. ती संपली की आकडा पुन्हा १००. कमांडोच्या वाराने आकडा जेमतेम हलतो, पण पट्टीची गळती मंदावते. म्हणजे कमांडो खुंटी मारतो आणि रॅव्हेजर दोर ओढतो. क्रम असा ठेवा: आधी कमांडो-रॅव्हेजर, कमांडोचे दोन-तीन वार बसले की रॅव्हेजर-रॅव्हेजर, पट्टी निम्म्याखाली घसरली की परत कमांडो आत. ठरलेली टक्केवारी गाठली की शत्रू ‘स्टॅगर’ होतो, म्हणजे त्याचा तोल जातो. लगेच कमांडोवर उडी मारू नका. अजून काही क्षण रॅव्हेजरच ठेवा, आकडा आणखी वर जाऊ द्या (कमाल ९९९.९), मग कमांडोला सोडा. नुकसान त्या टक्केवारीनेच गुणलं जातं. कमांडोकडे ‘लाँच’ आलं की डगमगलेला शत्रू हवेत उडतो आणि तिथून त्याला उलटा वार करता येत नाही.

गेम न सांगणारी युक्ती म्हणजे जोडणी बदलल्यावर वारांची पट्टी, एटीबी, पूर्ण भरून मिळते. आधीच्या भरण्यापासून साधारण १२ सेकंद गेले असले पाहिजेत, एवढीच अट. म्हणून दोन फेऱ्या मारा, बदला, दोन फेऱ्या मारा, बदला. बदलण्यासारखं काही नसेल तर एकच जोडणी दोनदा बांधून ठेवा आणि त्या दोहोंत फिरत राहा. लढाईचा वेग लगेच जाणवतो.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट: कथेत सोबती बदलले की गेम तुमच्या बांधलेल्या जोडण्या पुसून स्वतःच्या ठेवतो. पहिल्या दहा अध्यायांत हे सतत होतं. नवा सोबती दिसला की पहिल्या लढाईआधी मेनूत जाऊन जोडण्या तपासायच्या. मेडिक असलेली जोडणी नसताना बॉससमोर उभं राहणं हे हरण्याचं नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे पुढारी, म्हणजे तुम्ही चालवता ते पात्र, पडला की गेम संपतो, बाकीचे ठणठणीत असले तरी. तेव्हा पुढाऱ्याचा जीव पिवळा होईपर्यंत वाट न बघता मेडिक आणा. लढाईनंतर सगळ्यांचा जीव आपोआप भरतो, म्हणून औषधं साठवत बसण्यात अर्थ नाही.

चौथ्या अध्यायाच्या शेवटी ओडिन येतो, म्हणजे जिंकल्यावर लढाईत मदतीला बोलावता येणारा जीव. त्याला मारायचं नसतं. डोक्यावरचा आकडा शून्य व्हायच्या आत गेस्टाल्टची पट्टी (ती भरली की तो आपला होतो) भरायची. ती साखळी वाढवूनही भरते आणि जखमा भरूनही, त्यामुळे सोबतीच्या होपला मेडिकमध्ये ठेवायला घाबरू नका. सुरुवातीलाच शत्रूची माहिती काढणारं ‘लिब्रा’ टाका. लिब्राशिवाय ऑटो-बॅटलला शत्रूची कमजोरी माहीत नसते. पाचव्या अध्यायाचा बॉस, एस्टर प्रोटोफ्लोरियन, मध्येच स्वतःची कमजोरी बदलतो, तिथेही हाच उपाय.

हा बॉस पडला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: जोडण्या बदलताना मजा आली का? आली असेल तर पुढे जा, कारण अकराव्यात याच लढाईला मोकळं रान मिळतं. वरचं सगळं करूनही कंटाळा आला असेल तर गेम सोडा. चाळीस-पन्नास तासांत तुमचं मत फिरवेल असं पुढे काही नाही.

कथेचं म्हणाल तर ती सुधारत नाही, फक्त कळायला लागते. फाल्सी म्हणजे यंत्रदेवता. तिने डाग दिलेला माणूस म्हणजे लसी. सोपवलेलं काम केलं तर तो स्फटिक होतो, नाही केलं तर सीथ नावाचा राक्षस. एवढं डोक्यात ठेवा आणि प्रत्येक अध्यायानंतर मेनूतला ‘डेटालॉग’ पाच मिनिटं वाचा. जे प्रसंगांत सांगायला हवं होतं ते तिथे लिहून ठेवलंय. हा गेमचा दोषच, पण वाचलं नाही तर नुकसान आपलं.

सहा ते दहा अध्यायांसाठी एवढंच: पैसे उडवू नका. शत्रू मारून गिल मिळत नाही, मिळेल तो माल विकावा लागतो. सैनिकांकडून येणारी ‘क्रेडिट चिप’ ५०० ला आणि ‘इन्सेंटिव्ह चिप’ २५०० ला जाते, ती विकण्यासाठीच असते. शस्त्रं मात्र अकराव्याआधी सुधारू नका. वेळ आली की आधी हाडं-कातडी असला जैविक माल घाला, गुणक तिपटीपर्यंत चढू द्या (‘स्टर्डी बोन’ साधारण ३६ लागतात), मग यंत्राचे महाग भाग एकगठ्ठा ओता. उलट क्रमाने केलंत तर पैसा पाण्यात. दहाव्यात सगळ्या पात्रांना सहाही भूमिका मिळतात, पण नव्या भूमिकांवर गुण उधळू नका, त्या फार महाग पडतात. ज्याच्या मूळच्या तीन, त्याच आधी भरा.

अकराव्यात ग्रॅन पल्स या मोकळ्या जगातल्या आर्किल्ट स्टेप या माळरानावर उतरल्यावर पहिला मोह म्हणजे डोंगराएवढ्या अ‍ॅडमंटॉइजला हात लावायचा. नको. एका पायाच्या आपटण्यात सगळे आडवे. सीथच्या दगडांकडून मिशन घ्या; एकूण ६४ आहेत, आणि १४ वं पूर्ण केलं की चोकोबो या मोठ्या पक्ष्यावर बसायला मिळतं. गुणांसाठी बेहेमोथ किंग आणि मेगिस्टोथेरियन हे दोन राक्षस एकमेकांशी झुंजत असतात ती जागा शोधा. एका लढाईत ६४०० गुण पडतात. पाठीमागून गाठा, आधी बेहेमोथला डगमगवा आणि त्याच अवस्थेत संपवा. अर्धवट सोडलात तर तो दोन पायांवर उभा राहतो आणि जीव पुन्हा भरून घेतो. क्षेत्र सोडून परत आलं की दोघं पुन्हा तिथेच.

सगळी ६४ मिशनं इथेच उरकायचा हट्ट धरू नका, बरीच अजून आवाक्याबाहेर आहेत. तेराव्या अध्यायातून ग्रॅन पल्सला परतायची वाट आहे, आणि क्रिस्टॅरियमचा (गुण घालून पात्रं वाढवायच्या पडद्याचा) शेवटचा टप्पा तर अंतिम बॉस पडल्यावरच उघडतो. शेवटची नावं सरकून झाल्यावर सेव्ह करायला विचारलं जातं, तेव्हा ‘हो’ म्हणा.