वेबपानावर मोकळ्या जागा जशाच्या तशा कशा दाखवाव्यात

मालवणच्या किनाऱ्यावरील रापणकरांसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांसाठी, मी भरती-सुकतीच्या वेळांचे टिपण साध्या मजकूर-फाइलीत लिहीत असे. डावीकडे ‘पौर्णिमा’, मग सात स्पेस, मग भरतीची वेळ. भरती तिथीगणिक सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक ओळ महत्त्वाची. पण तेच टिपण वेबपानावर चढवले की साऱ्या ओळी एकमेकींना चिकटत आणि सात स्पेसची एकच उरे. फाइल बिघडलेली नव्हती. सलग आलेल्या स्पेस, टॅब आणि नव्या ओळी मिळून एकच स्पेस दाखवायची, ही एचटीएमएलची, म्हणजे वेबपाने ज्या भाषेत लिहितात तिची, मूळ रीतच आहे.

म्हणून अक्षरे बदलण्याची खरोखर गरज आहे का, हे आधी पाहावे. पानाची स्टाइल आपल्या हाती असेल, तर मजकुराला न शिवता सीएसएसमधील (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील) ‘व्हाइट-स्पेस’ या गुणधर्मासाठी ‘प्री-रॅप’ लिहावे. स्पेस आणि ओळी टिकतात, शिवाय मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ आपोआप खाली वळते. केवळ ओळी टिकवायच्या असल्यास ‘प्री-लाइन’ पुरेसे आहे. बहुतेकांचे काम इथेच भागते.

स्टाइल हाती नसेल तरच अक्षरे बदलावीत, आणि तीही क्रमाने. प्रथम अँपरसँड (&) आणि त्यानंतरच ‘पेक्षा लहान’ (<) व ‘पेक्षा मोठे’ (>) ही चिन्हे सांकेतिक रूपात (&, <, >) लिहावीत. क्रम उलटला, तर आपणच घातलेल्या संकेतांतील अँपरसँड पुन्हा बदलले जातात आणि पानावर चिन्हांऐवजी संकेतच उमटतात. विंडोजच्या फाइलीत ओळीअखेर १३ आणि १० या क्रमांकांच्या अक्षरांची जोडी असते. तिच्या जागी एकटे १० ठेवावे. टॅबऐवजी चार स्पेस द्याव्यात. मग ज्या स्पेसनंतर लगेच दुसरी स्पेस येते, ती प्रत्येक, तसेच ओळीच्या आरंभीची एकटी स्पेसही, युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक १६० च्या न तुटणाऱ्या स्पेसने बदलावी. सांकेतिक रूपात हा आकडा इंग्रजी अंकांतच लिहावा लागतो. सलग स्पेसपैकी शेवटची साधी ठेवावी, कारण सगळ्याच बदलल्या तर ओळीला तिथे वळायला जागा उरत नाही. नवी ओळ सुरू करणारा बीआर टॅग सर्वांत शेवटी, १० च्या जागी घालावा.

मराठी मजकुरात एक धोका जास्त आहे. ‘अदृश्य अक्षरे काढा’ अशा सोयीने अनेकजण ८२०३ ते ८२०५ हे सगळे क्रमांक पुसून टाकतात. त्यांपैकी ८२०५ हे जोडक अक्षर मोकळी जागा नव्हेच. पुष्कळ जुन्या फाइलींत अर्धा र त्याच्याच आधाराने उभा असतो. ते पुसले की ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’ होते. त्याला हात लावू नये.

स्तंभ मात्र स्पेस देऊन जुळवू नयेत. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने ‘अष्टमी’ आणि ‘पौर्णिमा’ यांच्यापुढील आकडे एका रेषेत येत नाहीत. भरतीच्या वेळा मी अखेर टेबल टॅगमध्ये मांडल्या आणि स्पेस राखण्याची ही पद्धत, ज्यांत ओळ आत सरकवण्याला अर्थ असतो, त्या ओव्या आणि भजनांसाठी ठेवली.