सिम्युलेटरमध्ये विमान दीडपट करताना

कळव्यात पाऊस लागला की आमची रिमोटवर उडणारी छोटी विमानं माळ्यावर जातात. जून ते सप्टेंबर समोर लॅपटॉपवर सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा प्रोग्रॅम, आणि हातात ट्रान्समीटर, एवढंच उडणं. गेल्या पावसाळ्यात माझ्या 1.2 मीटर पंखांच्या थर्माकोल ट्रेनरवरून (शिकाऊ विमानावरून) 1.8 मीटरचा मोठा ट्रेनर बांधायला घेतला. थर्माकोल कापायच्या आधी तो सिम्युलेटरवर उडवून बघावा म्हटलं. तिथे पंखांची मापं वाढवली आणि वजन 900 ग्रॅम तसंच ठेवलं. पडद्यावर विमान पिसासारखं तरंगत उतरायचं आणि माझ्या बोटांना तोच वेग बसला. नोव्हेंबरमध्ये मुरबाडच्या बाजूच्या माळावर खरं विमान तितक्याच सावकाश आणलं. पुरुषभर उंचीवर वेग अपुरा पडून उचल गेली आणि डावा पंख एकदम खाली झुकला; याला आम्ही पंख पडणं म्हणतो. भाचा शेजारून ओरडला, "मामा, थ्रॉटल!" तोवर नाक मातीत गेलं होतं. दोन महिन्यांचं काम होतं ते.

विमान मोठं करताना प्रत्येक आकडा आपापल्या पटीने वाढतो, हे आधी पक्कं करा. लांबी दीडपट झाली की क्षेत्रफळ 2.25 पट होतं आणि, बांधणी तशीच ठेवली तर, वजन 3.375 पट. इनर्शिया, म्हणजे विमान वळवायला किंवा थांबवायला लागणारा जोर जिच्यावर ठरतो ती गोष्ट, पाचव्या घाताने वाढते: 7.6 पट. मी वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये काम करतो. तिथे मोठ्या जॉबचं वजन नजरेने कमी धरलं की चेनब्लॉक कुरकुरतो, मग आपण सावध होतो. सिम्युलेटर कुरकुरत नाही. दिलेला आकडा तो खराच मानतो.

मी सीआरआरसीसिम वापरतो. फुकट आहे आणि अमेरिकेतल्या चार्ल्स रिव्हर आरसी क्लबवरून त्याला हे नाव मिळालं. शिकायला तो चांगला, कारण यातलं प्रत्येक विमान म्हणजे एक एक्सएमएल फाइल असते आणि ती नोटपॅडमध्ये उघडते. दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये हेच आकडे वेगळ्या खिडकीत मिळतील, हिशेब तोच.

पहिलं काम म्हणजे मूळ फाइलची प्रत काढून तिला वेगळं नाव द्या. मग संदर्भमापांची ओळ शोधा. तिथे कॉर्ड (पंखाची रुंदी), स्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी), एरिया आणि स्पीड असे चार आकडे असतात. माझ्या ट्रेनरचा कॉर्ड 0.2 मीटर, स्पॅन 1.2, क्षेत्रफळ 0.24 चौरस मीटर. ते झाले 0.3, 1.8 आणि 0.54. स्पीड दीडपट करायचा नाही, वजन 3.375 पट धरून दीडचं वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे 1.22 पट. लिफ्ट (पंखाची उचल) आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) यांच्या गुणांकांना हात लावू नका. त्यांना मापाचं एकक नसतं, म्हणून विमान मोठं झाल्याने ते बदलत नाहीत. (काटेकोर बोलायचं तर रेनॉल्ड्स आकडा, म्हणजे पंखाचं माप आणि वेग यांवरून हवा कशी वाहते ते सांगणारा आकडा, 1.84 पट होऊन ड्रॅग किंचित घटतो. मोठं करताना ते सोडून द्या. विमान निम्मं करत असाल तर मात्र हाच आकडा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि पंख खरोखर वाईट वागतो.)

आता वजन, आणि इथे घाई नको. घनाच्या हिशेबाने 900 ग्रॅमचे 3.04 किलो होतात. पण थर्माकोलची शीट आपण दीडपट जाड घेतोच असं नाही. मी सगळे भाग, मोटर, बॅटरी, सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले, गोंद आणि टेपचा अंदाज धरला आणि 2.4 किलो आले. तोच आकडा फाइलमध्ये घाला. मग इनर्शियाला पाचवा घात चालत नाही. वजनाची पट 2.67, तिला लांबीच्या पटीच्या वर्गाने, 2.25 ने, गुणा. आले 6. फाइलमधल्या इनर्शियाच्या आय-एक्सएक्स, आय-वायवाय, आय-झेडझेड आणि आय-एक्सझेड या चारही किमती सहापट करा. एखादी विसरली तर विमान एका अक्षावर चपळ आणि दुसऱ्यावर जड होतं, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

चाकांच्या आणि प्रोपेलरच्या जागा दीडपट करा. चाकाची स्प्रिंग तशीच ठेवली तर विमान धावपट्टीत रुततं. वजन घनाने वाढलं असेल तर स्प्रिंग 2.25 पट आणि डॅम्पिंग (उसळी शमवणारा आकडा) 2.76 पट, माझ्यासारखं हलकं असेल तर थोडं कमी. प्रोपेलर 9×6 चा (इंचांत: व्यास आणि एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) साधारण 13×9 होतो आणि त्याचे फेरे कमी होतात. चित्राची फाइल वेगळी असते, ती थ्रीडी प्रोग्रॅममध्ये तितकीच मोठी करा. त्याने उडण्यात काडीचा फरक पडत नाही, पण अंतराचा अंदाज त्याच्यावरच बसतो: मोठं विमान डोळ्याला जवळ वाटतं.

आकडे बरोबर बसलेत का, ते उडवूनच कळतं. 20 मीटरवरून मोटर बंद करून दोन्ही विमानं तरंगत आणा. दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर टेकली पाहिजेत. मोठं फक्त लवकर पोचेल. मग उंचावर एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) हळूहळू ओढत पंख पडेपर्यंत वेग बघा. माझ्या लहान विमानाचा पंख ताशी 26 किलोमीटरच्या आसपास पडतो. मोठ्याचा, 2.4 किलो धरून, 28 ला. वजन न बदलता मी ज्याच्यावर हात बसवला होता तो आकडा होता 17. नवं नाक लावून झालंय. गेला महिनाभर रोज रात्री जेवण झालं की 35 च्या खाली न येता वीस लँडिंग करतो.

वारा मात्र दीडपट करू नका. मुरबाडच्या माळावर दुपारी जितका वाहतो तितकाच ठेवा. झोताला मोठं विमान कमी हलतं आणि परत सरळ व्हायला जास्त वेळ घेतं, म्हणून दुरुस्ती थोडी आधी द्यावी लागते.