सायकियाट्रीची पोस्टिंग लागली की

नर्सिंगच्या मुलामुलींना येरवड्याच्या मनोरुग्णालयाची पोस्टिंग लागली की घरून पहिला प्रश्न येतो, "पेशंट मारतात का गं तिथे?" खरी अडचण वेगळीच असते. सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंग, सलाईन, कॅथेटर, हाताला सतत काम. इथे बीपी घेऊन झालं की समोर माणूस आणि आपण. बोलायचं काय?

म्हणून प्रोसेस रेकॉर्डिंग मन लावून करा. रुग्ण काय बोलला, आपण काय बोललो, त्या वेळी आपल्या मनात काय आलं, सगळं लिहायचं. होस्टेलवर एकमेकांचं बघून उतरवलेलं मॅडमना लगेच कळतं. सगळ्यांचे पेशंट एकाच पुस्तकी मराठीत बोलत असतात!

रुग्ण म्हणाला, "कानात आवाज येतात," तर "असं काही नसतं हो" म्हणून मोकळं होऊ नका. त्याला ते खरोखर ऐकू येतात. होकारही भरू नका. "मला नाही ऐकू येत, पण तुम्हाला त्रास होतोय ना?" एवढं पुरतं. आवाज काय सांगतात ते मात्र विचाराच. जिवाचं बरंवाईट करायला सांगत असतील तर तडक इन्चार्ज सिस्टरना सांगायचं, नोंद नंतर.

हॅलोपेरिडॉल हे भासांवरचं औषध सुरू झालेल्या तरुण पोराची मान अचानक वाकडी होते, डोळे वर चढतात. कुणीतरी "नाटक करतोय" म्हणतंच. तो औषधाचा परिणाम असतो, वेळेवर इंजेक्शन दिलं की उतरतो.

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा परीक्षेपुरता वाचू नका. रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवायला आणि भूल न देता ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्याचा उपचार, करायला त्यात बंदी आहे.

पुढे याच विषयात वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा किंवा दोन वर्षांची एमएस्सी करता येते. एमएस्सीला बीएस्सीनंतर निदान वर्षाचा अनुभव लागतो. माझं ऐकाल तर ते वर्ष मेडिसिन वॉर्डात काढा. दारू बंद झालेला माणूस दोन-तीन दिवसांनी भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागतो, तेव्हा तो नुसता "सायकियाट्रीचा पेशंट" नसतो. त्याचा घाम, ताप आणि नाडी आधी बघावी लागते, कारण त्यात जीवही जाऊ शकतो.