ग्राफिक्स कार्ड मिळत नसताना पीसी बिल्ड करताय? या चुका टाळा

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, नोकरी वेगळीच आहे, पण गेली बारा-तेरा वर्षं ओळखीतल्यांचे पीसी असेंबल करून देतोय. सगळ्यात जास्त बिघडलेली मशीन्स माझ्याकडे आली ती २०२१ मध्ये, ग्राफिक्स कार्डांचा (स्क्रीनवर चित्र आणणारा पार्ट) दुष्काळ होता तेव्हा. लॉकडाऊनमुळे घरोघरी पीसीची मागणी वाढलेली, चिप बनवणाऱ्या फॅक्टऱ्या फुल्ल, वर इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग करणारे, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून नाणी कमावणारे, पेट्याच्या पेट्या उचलत होते. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० काढलं ते ३२९ डॉलरला, आणि मायनिंगवाल्यांना नको व्हावं म्हणून त्यात हॅशरेटवर, म्हणजे मायनिंगच्या वेगावर, लगामही घातला, तरी इथल्या सिल्वर मॉलच्या दुकानांत विचारलं की एक तर नाही म्हणायचे, नाहीतर दुप्पट भाव आणि वर सोबत मदरबोर्ड पण घ्या म्हणायचे. आता एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव चढलेत, कार्डांचं परत तेच चाललंय, आणि मला फोनही तेच यायला लागलेत. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिली चूक, आणि हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे: कार्ड हातात नसताना एफवाला प्रोसेसर घेणं. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या जुन्या सीरीजमध्ये उलटा हिशोब आहे, ३६०० किंवा ५६०० मध्ये ग्राफिक्स मुळातच नाही, जी लागला तरच, म्हणजे ५६००जी. ७००० सीरीजपासून बहुतेकांत थोडंसं असतं, पण तिथेही एफ लावलेला असेल तर नाही.

माझा भाचा सुदामा नगरात राहतो. त्याने २०२१ च्या फेब्रुवारीत १०४००एफ घेतला, साध्या १०४०० पेक्षा दीड-दोन हजार वाचले म्हणून खूश. बोर्ड आला, रॅम आली, मला न विचारता एका रात्रीत व्हिडिओ बघून सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, लाइट लागले. ताईने कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं. मला फोन, ‘मामा, मशीन एकदम ओके आहे, फक्त कार्ड बाकी.’ मी म्हटलं अरे डिस्प्ले आल्याशिवाय ओके कसं म्हणतोस, कुणाचं तरी जुनं कार्ड आणून एकदा लावून बघ. नाही ऐकलं. मग सहा महिने ते मशीन जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेलं आणि हा रोज स्टॉक बघतोय. ऑगस्टमध्ये कार्ड मिळालं, जवळपास दुप्पट पैसे देऊन, लावलं, आणि स्क्रीन काळी. परत फोन, आता रडवेला, ‘मामा, कार्ड डेड दिलंय, फसवलं आपल्याला.’

कार्ड चांगलं होतं. मी माझं जुनं जीटी ७१० घेऊन गेलो, त्याच्यावरही काही नाही. रॅमची एक स्टिक काढली, दुसरी ठेवली, नाही. मग तीच स्टिक लांबच्या स्लॉटमध्ये लावली आणि लगेच पिक्चर आलं. म्हणजे रॅमचं एक चॅनल, प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकी एक, मेलेलं. प्रोसेसर उचलून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं, सॉकेटच्या त्या शेकडो बारीक पिनांची चमक सगळीकडे एकसारखी आणि एका कोपऱ्यात दोन ठिकाणी तुटलेली, तिथे दोन पिना शेजारच्या पिनेवर आडव्या पडलेल्या. फेब्रुवारीत बसवताना वाकल्या की बोर्डच तसा आला, हे आता कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर दुकानदाराशी भांडता तरी आलं असतं. सहा महिन्यांनी ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून बोर्ड परत हातात. शिवणाच्या सुईने एक पीन सरळ झाली, दुसरी तुटली. ते मशीन आजही एकाच चॅनलवर चालतं.

म्हणून माझी सवय सांगतो, पार्ट आल्यापासून पहिल्या आठवड्यात डिस्प्ले आलाच पाहिजे, आणि एक अख्खी रात्र मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, चाललाच पाहिजे. कार्ड नाही तर उसनं आणा. टंचाईत घेणार असाल तर सरळ ग्राफिक्सवाला प्रोसेसर घ्या, दोन हजार जास्त जाऊ द्या, तेवढ्यात मशीन पहिल्या दिवसापासून कामाला लागतं. आणि ५६००जी सारखा घेतलात तर रॅम दोन स्टिकमध्ये घ्या, १६ ची एक नको, ८ च्या दोन, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एकाच चॅनलवर ते अक्षरशः रांगतं.

दुसरी चूक एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. कार्डात सगळे पैसे गेले की लोक इथे वाचवतात आणि मला याचा खरंच संताप येतो, कारण जळतं तेव्हा हाच बाकीच्यांना सोबत घेऊन जातो. जेल रोडवरून आणलेला, वर ४५० वॉट छापलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. आकडा छापायला पैसे लागत नाहीत हो! बाजूचं स्टिकर वाचा, १२ व्होल्टवर किती अँपिअर देतो ते बघा, कार्ड आणि प्रोसेसर दोघेही तिथूनच खातात. ३०६० एकटं १७० वॉट ओढतं, त्याला ५५० चा चांगला सप्लाय लागतो. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून ७५, आठच्या वायरीतून १५०, हा हिशोब एकदा वहीत करा आणि मग दुकानात जा.

रामबागेतल्या एका ओळखीच्यांच्या मुलाने मोलेक्सचं (जुन्या हार्ड डिस्कला लागणाऱ्या चार पिनांच्या वायरीचं) कन्व्हर्टर लावून आठ पिनांचं कार्ड चालवलं होतं. मी गेलो तेव्हा खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास होता आणि तो म्हणाला काका, नवीन पीसीचा वास असतो हा. मोलेक्सचा पांढरा कनेक्टर पिवळ्या वायरीच्या बाजूने चहासारखा तपकिरी झालेला, भोक वितळून वाकडं, वायरीचं आवरण बोटाने दाबलं की तुकडे पडत होते. ओढून निघेना, शेवटी कापला. घरात लहान मुलं, मशीन रात्रभर डाउनलोडला चालू, काहीही होऊ शकलं असतं. कार्डाला सप्लायमधून सरळ येणारी वायर हवी, ती नसेल तर तो सप्लाय त्या कार्डासाठी नाही, संपलं. कन्व्हर्टर माझ्या घरात मी ठेवतच नाही. आणि प्रोसेसरची ४+४ ची वायर कार्डात दाबून बसवू नका, तिच्यात प्लस आणि ग्राउंड बरोबर उलट्या बाजूंना असतात. एका मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) सप्लायच्या वायरी दुसऱ्याला लावू नका, सप्लायकडचं टोक प्रत्येकाचं वेगळं असतं, मी याने हार्ड डिस्क मेलेली बघितली आहे.

जुनी कार्डं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवरचं मायनिंग बंदच केलं आणि सगळा माल सेकंडहँडमध्ये आला, अजून फिरतोय. मायनिंगवालं कार्ड म्हणजे खराबच असं मी म्हणत नाही, पंखे आणि थर्मल पॅड जातात, ते बदलता येतात. पण चालू मशीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पंखा बोटाने हलवून बघा डगमगतो का, स्क्रू उघडलेले आहेत का बघा, कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड प्रोग्राम उघडा, मग कार्डावर पूर्ण जोर टाकणारा फरमार्क पंधरा-वीस मिनिटं चालवा. एएमडीचं आरएक्स ५८० म्हणून विकतात त्यात २३०४ शेडर (कार्डातले गणित करणारे बारीक भाग) आहेत की २०४८ ते जीपीयू-झेडमध्ये दिसतं, २०४८ वालं म्हणजे खरं तर ५७० च. पी१०६ नावाचं कार्ड स्वस्त दिसलं तर लांब राहा, ते मायनिंगसाठीच बनवलेलं, मागे मॉनिटरची केबल लावायला जागाच नाही. विकणारा घाई करत असेल, ‘भैया दुसरा गिऱ्हाईक उभा आहे’ म्हणत असेल, तर त्या गिऱ्हाईकालाच घेऊ द्या.

नवं पण कामचलाऊ कार्ड घेताना जीटी १०३० डीडीआर४ घेऊ नका, जीडीडीआर५ वालं घ्या, नाव एकच, पण डीडीआर४ वाल्यात मेमरीचा वेग तिपटीने कमी. ६५०० एक्सटी जुन्या बोर्डावर नको, त्याला डेटा जायला चारच लेन आहेत आणि जेन ३ च्या (जुन्या, हळू पिढीच्या) स्लॉटमध्ये ते गुदमरतं.

बाकी पटापट. मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डात नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या पूर्ण वेगाची सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच पळत राहते. बी४५० बोर्डावर रायझन ५००० सीरीज लावायच्या आधी बायोस अपडेट, जुना प्रोसेसर काढून विकण्याच्या आधी. जुनं कार्ड काढताना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या प्रोग्रामने साफ करा. तिसरी पीन तुटलेला एक्स्टेंशन बोर्ड फेका, जुन्या वाड्यांत अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येणं नॉर्मल नाही.

माझं जीटी ७१० सध्या लोकमान्य नगरातल्या एका मुलाकडे आहे, रविवारी परत येईल. इंदुरात कुणाचं मशीन कार्डावाचून पडून असेल तर सांगा, एका दिवसासाठी देतो, पण बोर्डाचं बिल आणि रॅमच्या दोन्ही स्टिक समोर ठेवून टेस्ट करायची.