ट्रॅक केलेल्या गोष्टीला डिस्टॉर्शन कसं चिकटवायचं (आफ्टर इफेक्ट्स)

डोळा मोठा करायचा असो की सायलेन्सरमागची गरम हवा लहरताना दाखवायची असो, बरेच जण ट्रॅकचा डेटा (त्या गोष्टीची फ्रेमगणिक नोंदवलेली हालचाल) थेट इफेक्टच्या पॉइंटला लावून मोकळे होतात. एडिट टार्गेटमधे तसा ऑप्शन आहे आणि तो चालतोही, पण माझं ऐका, आधी नल ऑब्जेक्टला (स्वतः न दिसणारा, फक्त हालचाल धरून ठेवणारा लेयर) लावा. उद्या जागा चार पिक्सेल सरकवायची झाली किंवा त्याच ट्रॅकवर अजून एक इफेक्ट बसवायचा झाला तर थेट लावलेल्या शेकडो कीफ्रेम्समधे (वेळेनुसार नोंदवलेल्या आकड्यांमधे) हात घालावा लागतो.

डोळ्याचंच घेऊ. फुटेज ३८४० बाय २१६० आणि कॉम्प (ज्यात लेयर रचतो ती कॉम्पोझिशन) १९२० बाय १०८० असेल तर फुटेज ५०% करून आधी प्रीकॉम्प करा (वेगळ्या कॉम्पमधे गुंडाळा), म्हणजे दोन्हीकडचे आकडे एकाच मापात येतात. आता ट्रॅक मोशन, त्यात रोटेशन आणि स्केलवर पण टिक करा म्हणजे दोन पॉइंट मिळतील. बुबुळावर पॉइंट ठेवावासा वाटतो पण ठेवू नका, पापणी मिटली की ट्रॅक सुटतो आणि नजर फिरली की बुबुळ पण फिरतं, डोकं मात्र जागेवरच असतं. दोन्ही डोळ्यांचे नाकाकडचे कोपरे धरा. ट्रॅक पॉइंटचा आतला चौकोन कोपऱ्याभोवती जेमतेम बसेल एवढा, आणि बाहेरचा एका फ्रेममधे तो कोपरा जेवढा हलतो त्याहून थोडासाच मोठा, कारण फार मोठा केला की ट्रॅकर भलत्याच सुरकुतीवर उडी मारतो. जिथं घसरला तिथं फ्रेम मागे घेऊन पॉइंट हाताने नीट बसवा आणि तिथून पुढे परत अॅनालाइझ करा, सगळं पुसून पहिल्यापासून करायची गरज नाही.

नलला अप्लाय झालं की दुसरा नल घ्या, तो डोळ्याच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि पहिल्या नलला पॅरेंट करा (जोडा, म्हणजे पहिला हलला की हाही हलतो), म्हणजे डोकं वाकडं झालं तरी हा मध्यावरच राहतो. वर एक अॅडजस्टमेंट लेयर (त्यावरचा इफेक्ट खालच्या सगळ्या लेयरना लागतो), त्यावर बल्ज हा फुगवटा आणणारा इफेक्ट, आणि बल्ज सेंटरचा पिक व्हिप (एक आकडा दुसऱ्याशी जोडायला ओढायची दोरी) दुसऱ्या नलच्या पोझिशनवर. आणि इथंच सगळे अडकतात!! फुगवटा डोळ्यावर न येता फ्रेमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, कारण पॅरेंट केलेल्या नलची पोझिशन कॉम्पपासून नाही तर पॅरेंटपासून मोजलेली असते, म्हणजे ३०, ५ असले छोटे आकडे. पिक व्हिपने तयार झालेल्या एक्स्प्रेशनमधला (छोट्या कोडमधला) ट्रान्सफॉर्म पोझिशनचा तुकडा काढा, त्याजागी टूकॉम्प (toComp) लिहा आणि कंसात त्याच नलचा अँकर पॉइंट द्या, फुगवटा लगेच डोळ्यावर येतो. अॅडजस्टमेंट लेयर मात्र जागचा हलवू नका, स्केल करू नका, नलला पॅरेंट तर अजिबात नको, नाहीतर हालचाल दुप्पट होते.

माणूस कॅमेऱ्याकडे चालत आला तर रेडियस पण वाढायला हवा. पहिल्या नलच्या स्केलचा एकच आकडा पिक व्हिपने घ्या, त्याला १०० ने भागा आणि सुरुवातीच्या रेडियसने गुणा. रेडियस डोळ्याच्या थोडा बाहेरच थांबवा, भुवईपर्यंत गेला की कपाळ पण ओढलं जातं आणि फसवणूक लगेच दिसते.

गरम हवेसाठी टर्ब्युलंट डिस्प्लेसवर (चित्र लहरी करणारा इफेक्ट) फेदर केलेला (कडा मऊ केलेला) मास्क लावायची सवय असते, पण मला ते पटत नाही. फेदरच्या पट्ट्यात वाकडं चित्र आणि सरळ चित्र अर्धं अर्धं मिसळतं, मागे खांब असेल तर एकाचे दोन दिसतात. त्यापेक्षा फुटेजवर डिस्प्लेसमेंट मॅप हा इफेक्ट वापरा, तो दुसऱ्या एका लेयरच्या (मॅपच्या) उजेडावरून फुटेजचे पिक्सेल सरकवतो. कॉम्पच्या मापाचा ५०% ग्रे सॉलिड, त्यावर फ्रॅक्टल नॉइजचा (ढगांसारखा काळापांढरा पोत) लेयर, त्या लेयरला फेदर केलेला मास्क, इव्होल्यूशनला (तो पोत बदलत ठेवणारा आकडा) कीफ्रेम्स, आणि हा नॉइजचा लेयर सायलेन्सरवर ट्रॅक केलेल्या नलला पॅरेंट. मग ग्रे, नॉइज आणि नल तिन्ही एकत्र प्रीकॉम्प करा. हे विसरू नका, कारण हा इफेक्ट मॅपच्या लेयरची पोझिशन बघतच नाही, प्रीकॉम्प नसेल तर लहरी सायलेन्सरबरोबर सरकणारच नाहीत. टाइमलाइनमधे प्रीकॉम्पचं डोळ्याचं चिन्ह बंद ठेवा, मॅप म्हणून तोच निवडा आणि दोन्ही दिशांना ल्युमिनन्स (उजेड) ठेवा. ५०% ग्रे म्हणजे शून्य सरकणं, त्यामुळे कडेला फेदरमधून नॉइज ग्रेमधे विरतो तसं सरकणंच कमी होत जातं आणि खांब एकच राहतो. सरकण्याचा आकडा ५ पिक्सेलपासून सुरू करून हळूहळू वाढवा.