ग्चीना म्ह्लोफे यांची गोष्ट मुलांना कशी सांगावी

चरित्र म्हटलं की आपण जन्म, शिक्षण, पुरस्कार अशी यादी वाचतो आणि मुलं सतरंजीचे धागे उपसू लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या या कथाकार, अभिनेत्रीचं आयुष्य मी कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सांगते, ते तिच्या आजीपासून.

वेळ दिवेलागणीनंतरची ठेवा. दिवसा गोष्ट सांगितली तर डोक्यावर शिंगं उगवतात, असं तिथले झुलू लोक म्हणतात. मुलांना हे आधीच सांगा. आपापली डोकी चाचपून झाली की ती कान टवकारतात. माइक नको. मग साद-प्रतिसाद बसवून घ्या. सांगणारी म्हणते, 'क्वेसुकेसुकेला', म्हणजे आपलं 'फार फार वर्षांपूर्वी', ऐकणारे म्हणतात, 'चोसी'. त्यातला 'च' म्हणजे हळहळताना आपण जीभ दातांमागे टेकवून काढतो तो आवाज. ग्चीना या नावातही तोच आहे, तेव्हा आधी सराव, मग नाव. मागे बसलेल्या आईबाबांनाही सोडू नका. आपल्या आज्यासुद्धा हुंकार मिळाल्याशिवाय पुढे सरकत नसत.

आता गोष्ट. जन्म १९५८, डर्बनजवळचं हॅमर्सडेल. वडील झुलू, आई खोसा या तिथल्याच दुसऱ्या समाजाची. वाढवलं आजीने, गोष्टींची गोडी लावली तिनेच. पुढे आईने तिला ईस्टर्न केपला नेलं आणि आजी दुरावली. इथे अजिबात घाई करू नका. हीच ताटातूट तिने 'हॅव यू सीन झांदिले?' या नाटकात आणली आणि १९८६ मध्ये जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये झांदिलेची भूमिका स्वतः केली. हे थिएटर जुन्या फळबाजाराच्या इमारतीत आहे. आपल्या मंडईत रंगमंच उभा राहिला तर कसा दिसेल, ते मुलांना डोळे मिटून बघू द्या. नाटकात झांदिले फुलांची शाळा भरवते. तो प्रसंग करून घ्या: एकजण बाई, बाकी सगळी फुलं.

वर्णभेद दोन वाक्यांत सांगा: कातडीच्या रंगावरून शाळा वेगळी, वस्ती वेगळी, आणि हे सगळं कायद्याने. त्या काळात तिने लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलं, बातम्या वाचल्या, नवसाक्षरांच्या मासिकात लिहिलं. मोलकरणीपाशी मी मुद्दाम थांबते. आपल्या घरच्या मावशींना किती गोष्टी येत असतील, हा प्रश्न मुलांना विचारायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

१९८८ मध्ये शिकागोतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका वाचनालयात तिने गोष्टी सांगितल्या. गर्दी वाढत गेली, पुन्हा पुन्हा बोलावणं आलं. तरी हाच आपला व्यवसाय असं तिला वाटलं ते पुढे, एका इम्बोंगीला, म्हणजे परंपरागत स्तुतिकवीला, भेटल्यावर. मग झानेन्दाबा ही कथाकारांची संस्था, गावोगावच्या शाळांत वाचनाची मोहीम. हे भरभर सांगितलं तरी चालेल.

ती इंग्रजी, आफ्रिकान्स, झुलू आणि खोसा या चार भाषांत गोष्टी सांगते. तुमच्या गटात कानडी, मारवाडी बोलणारी मुलं असतील, तर त्यांच्याकडून घरच्या भाषेत एकेक वाक्य म्हणवून घ्या. उठण्याआधी काम द्या: मावशींकडून त्यांच्या गावाकडची एक गोष्ट ऐकून यायची. पुढची बैठक त्याच गोष्टींनी सुरू करा, आणि जमलं तर मावशींनाच सतरंजीवर पुढे बसवा.