वर्षावनातून हिमशिखराकडे जाताना या चुका टाळा

टांझानियातल्या किलिमांजारोची माचामे वाट सुमारे १८०० मीटरवर, ठिबकणाऱ्या वर्षावनात सुरू होते आणि ५८९५ मीटरवर, हिमनदीच्या शेजारी संपते. एकाच आठवड्यात दोन टोकाची जगं. अशा प्रवासांत मी स्वतः केलेल्या आणि सोबत्यांना करताना पाहिलेल्या चुका आठवतो, तेव्हा त्यांत ना साप असतो ना कडा. ओले पाय, घाई आणि लपवलेली डोकेदुखी, एवढंच असतं.

जंगलात पाय कोरडे ठेवण्याचा हट्ट सोडा. दिवसा ते भिजणारच. खरी चूक रात्री होते, ओल्या मोज्यांतच झोपल्यामुळे. कातडी पांढरी पडून सुरकुतते, मग फुटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चालणंच थांबतं. कपड्यांचे दोन जोड ठेवा, एक चालायचा आणि एक फक्त तंबूतला. सकाळी तो ओला, गारढोण जोड पुन्हा अंगावर चढवणं जिवावर येतं, पण तंबूतला कोरडा जोड घालून निघालात तर संध्याकाळी दोन्ही ओले झालेले असतात. सुती कपडे तर नकोतच. या हवेत ते वाळत नाहीत आणि वर थंडीत अंगातली ऊब शोषून घेतात.

बोर्निओसारख्या जंगलात जळवा लागतात. मीठ टाकू नका, चटका देऊ नका. तसं केलं की जळू पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवा, ती सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, त्याने घाबरू नका.

नदी ओलांडताना डोक्यावरचं आकाश पाहून निर्णय घेऊ नका, पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पाचोळा वाहून येऊ लागला की मागे फिरा. तंबू लावण्याआधी वर पाहा, वाळलेली फांदी खाली येते. विषुववृत्ताजवळ सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि संधिप्रकाश जेमतेम टिकतो. झाडांखाली तर त्याही आधी अंधारतं, त्यामुळे मुक्कामाला लवकर पोहोचा.

आता उंची. इथली चूक जिवावर बेतते.

साधारण २५०० मीटरनंतर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. रोज धावणाऱ्या माणसालाही यातून सूट नाही. पहिल्याच मोठ्या चढाईत, चार हजार मीटरच्या आसपास, माझं डोकं रात्रभर ठणकत होतं आणि अन्न नकोसं झालं होतं. आपल्यामुळे सगळे अडकतील म्हणून मी गप्प बसलो. सकाळी बुटाची नाडी बांधता येईना आणि उभा राहिलो तर पाय भलतीकडेच पडायला लागले. वाटाड्याने एक शब्दही न विचारता मला खाली नेलं. तो नसता तर काय झालं असतं, हे मी आजही शांतपणे आठवू शकत नाही.

तपासणी सोपी आहे. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालून पाहा. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असल्याचा धोका आहे. बसल्या जागी धाप लागत असेल तर फुफ्फुसांत पाणी साठत असू शकतं. दोन्ही वेळा उपाय एकच, लगेच उतरणं, तेही सोबत कोणी घेऊन. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य इथे चालत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू टाळा, त्यांनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं पर्वतवैद्यक सांगतं. किलिमांजारोचे कमी दिवसांचे कार्यक्रम हा नियम सर्रास मोडतात. पैसे वाचवायचे तर इतरत्र वाचवा, सात-आठ दिवस घ्याच. माचामे वाटेवर सुमारे ४६०० मीटरच्या लाव्हा टॉवर या खडकापर्यंत चढून, चार हजारांच्या थोडं खाली बारांकोच्या मुक्कामाला झोपायला उतरतात. हा उगाचचा फेरा वाटतो, पण शरीराला विरळ हवेची ओळख करून देण्यासाठीच तो असतो. ॲसिटाझोलामाइड हे उंचीचा त्रास टाळण्याचं औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा.

बर्फावर काळा चष्मा ढगाळ दिवशीही काढू नका. बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत त्या झपाट्याने उतरतात. बाहेरून तंबूत आणलेला कॅमेरा मात्र पिशवीत बंद ठेवूनच हळूहळू गरम होऊ द्या, नाहीतर भिंगावर आत दव धरतं.

एक चूक फार जणांकडून होते. वर थंडीत डास नसतात, म्हणून ते मलेरियाच्या गोळ्या मध्येच बंद करतात. पण परजीवी तर खालच्या पट्ट्यात, प्रवासाच्या पहिल्याच दिवसांत शरीरात शिरलेला असू शकतो. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर मलेरियाचा प्रदेश सोडल्यावरही चार आठवडे चालू ठेवावं लागतं. आणि परतल्यावर, अगदी काही महिन्यांनीही, ताप आला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नका. कुठल्या जंगलात गेला होतात हे डॉक्टरांना सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.